पिवळ्या स्कूटरवरचा अल्बम

या पानावर रॉक गायकाचे नाव कशासाठी, असे काहींना वाटेल. रॉक म्हणजे इंग्रजी, रॉक म्हणजे लांब केस आणि कानठळ्या, अशी आपली समजूत. पण आज ज्या अल्बमची गोष्ट सांगायची आहे तो अमेरिकेत तयार झाला नाही आणि मुंबईतही नाही. तो तयार झाला आपल्या शेजारी. वेंगुर्ल्याहून खाली उतरावे, तेरेखोल ओलांडावी, पेडणे तालुका पार करावा आणि शापोरा नदीच्या पलीकडे जावे. तिथे शिवोली हे गाव आहे. पूल झाला नव्हता तेव्हा फेरीबोटीने जावे लागे. या शिवोलीतल्या एका घरात रेमो फर्नांडिस यांनी एकट्याने एक अल्बम केला. नाव ‘गोवन क्रेझी’, साल १९८४.

एकट्याने म्हणजे किती एकट्याने, ते ऐका. गाणी त्यांनी लिहिली. चाली त्यांनी लावल्या. गायले तेच, वाद्येही त्यांनीच वाजवली. रेकॉर्डिंग त्यांनी केले, आवाजांचे मिश्रण त्यांनी केले, कॅसेटच्या डबीत घालायचे चित्रही त्यांनीच काढले. आणि माल तयार झाल्यावर तो पिवळ्या स्कूटरवर टाकून गोवाभर दुकानदुकानी पोचवलाही त्यांनीच. त्या अल्बमचे प्रकाशन ते एवढेच. सभागृह नाही, प्रमुख पाहुणे नाहीत.

आपल्याकडे कॅसेटचे प्रकाशन कसे होत असे ते आठवा. मंचावर चौदा माणसे, प्रत्येकाला शाल आणि नारळ, प्रत्येकाची पाच-पाच मिनिटे, ती प्रत्यक्षात वीस-वीस मिनिटांची. गायकाला शेवटी दोन गाणी म्हणायची सवड, तोपर्यंत निम्मे लोक घरी गेलेले. दुसऱ्या दिवसापासून कॅसेटचे खोके खाटेखाली. प्रकाशन झाले, पण कॅसेट दुकानात पोचली का, हे विचारायचे राहून गेले. स्कूटर नेमकी तिथे नेणारी होती.

रेमो यांचा जन्म १९५३ चा. शाळेत असल्यापासून गिटार हातात. मुंबईला जे.जे. मध्ये वास्तुशास्त्र शिकले, आर्किटेक्ट झाले. मुंबईत ‘सॅव्हेजेस’ नावाच्या बँडमध्ये गायले. पुढे युरोप आणि उत्तर आफ्रिकेत भटकून, वाटेत गाऊन-वाजवून ते गोव्याला परतले. गाणी लिहून तयार होती. ती इंग्रजीत होती, पण विषय गोव्याचे होते, गोव्यातल्या माणसांचे, तिथल्या खाण्यापिण्याचे, तिथल्या तऱ्हेवाईकपणाचे. मुंबईच्या कंपन्यांना ही गाणी नको होती. इथल्या माणसाने इथल्याच गोष्टींवर इंग्रजीत लिहिलेले गाणे विकत कोण घेणार, हा त्यांचा हिशेब.

तो हिशेब समजून घेतला पाहिजे. गाण्याच्या धंद्याला आपल्या देशात अनेक वर्षे एकच मोठे दार होते. ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडिया, म्हणजे आपण जिला कुत्र्याच्या चित्रावरून एच.एम.व्ही. म्हणून ओळखत होतो ती. तिचा तबकड्यांचा कारखाना कलकत्त्याजवळ डमडमला. तबकडी काढायची तर स्टुडिओ, वादक, साचा, छपाई, हा सगळा खर्च कंपनीचा आणि म्हणून निवडही कंपनीची. शिवाय तबकडी वाजवायला यंत्र हवे, ते आपल्या किती घरांत होते? सिनेमाची गाणी खपत, म्हणून सिनेमाचीच गाणी निघत. भजन, गझल, नाट्यगीत यांना मागची बाक. बाकीच्यांनी दाराबाहेर उभे राहावे.

हे दार कॅसेटने मोडले. फिलिप्स कंपनीने १९६३ साली ही छोटी कॅसेट काढली होती. आपल्या वाड्यांवर ती पोचायला सत्तरचे दशक संपत आले. गिरणीतला, गोदीतला चाकरमानी मे महिन्यात किंवा गणपतीत गावी येई तेव्हा खांद्याला टू-इन-वन अडकवून येई. १९८३ साली गुलशनकुमार यांनी सुपर कॅसेट्स ही कंपनी काढली, तिचे नाव पुढे टी-सीरीज म्हणून घराघरांत गेले, आणि कॅसेट पानपट्टीवरही मिळू लागली. या व्यापारात वाईट-साईट खूप झाले. चोरून प्रती काढणे झाले, दुसऱ्याच्या चाली उचलणे झाले. पण डमडमला विचारल्याशिवाय गाणे निघू शकते, हे सिद्ध झाले. त्याच लाटेत रेमोंचे यंत्र बसते.

ते यंत्र कसे चालते, हे जरा सविस्तर सांगतो, कारण खरी गंमत त्यात आहे.

कॅसेटमधली फीत रुंदीला चार मिलिमीटरही नसते. तिच्यावर आवाजाच्या चार रेघा मावतात. आपण घरी कॅसेट ऐकतो तेव्हा ‘ए’ बाजूला दोन रेघा वाजतात, डाव्या आणि उजव्या कानाच्या. कॅसेट उलटवली की उरलेल्या दोन. १९७९ साली जपानच्या टीअ‍ॅक कंपनीने पोर्टास्टुडिओ नावाचे यंत्र आणले. त्यात चारही रेघा एकाच दिशेने आणि वेगवेगळ्या भरता येत. पहिल्या रेघेवर गिटार वाजवायची. मग फीत मागे घ्यायची, कानाला हेडफोन लावून तीच गिटार ऐकत दुसऱ्या रेघेवर ठेका भरायचा. पुन्हा मागे. तिसऱ्या रेघेवर बासरी. मग गळा. एक माणूस चार जणांचा ताफा होतो!

आणि चारांवर भागले नाही तर? मग युक्ती करायची. पहिल्या तीन रेघा एकत्र वाजवून त्यांचे मिश्रण चौथीवर उतरवायचे. तीन रेघा पुसून मोकळ्या झाल्या, त्यांवर नवे आवाज भरायचे. या युक्तीची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. एक म्हणजे दरवेळी फितीची सरसर वाढते. दुसरी किंमत जास्त कडक. एकदा मिसळलेले आवाज पुन्हा सुटे होत नाहीत. गिटार जरा मोठी झाली आणि ते तीन दिवसांनी लक्षात आले, तर सगळे पहिल्यापासून. म्हणून आरंभीच शेवटाचा विचार डोक्यात पक्का हवा. आवाज चांगला यावा म्हणून अशा यंत्रात फीत दुप्पट वेगाने पळवत, त्यामुळे ६० मिनिटांच्या कॅसेटवर जेमतेम १५ मिनिटांचे काम मावे. मोठ्या स्टुडिओत भिंतींना गादी असते, बाहेरचा आवाज आत येत नाही. घरात कोंबडा आरवतो, रस्त्यावरून गाडी जाते. कौलावर पाऊस सुरू झाला की काम बंद. आपल्या भागात राहणाऱ्याला त्याचा अर्थ सांगायला नको, चार महिने गेलेच.

असे तासन्‌तास बसून हा अल्बम झाला. मोठ्या शहरातल्या मोठ्या खर्चाच्या अल्बमपुढे त्याचा आवाज उणा असेलच. पण त्यातला प्रत्येक आवाज कुठून आला आणि कोणाच्या मालकीचा, याबद्दल शंका नव्हती. मूळ फीत, जिला धंद्यात ‘मास्टर’ म्हणतात, ती शिवोलीच्या घरात होती. माझ्या मते सगळ्या गोष्टीचे मर्म इथे आहे. गाणे ज्याने केले त्याच्याच कपाटात मास्टर.

लोकांनी कॅसेट घेतली. घेणारे सुरुवातीला गोव्यातले, ज्यांच्याविषयी ती गाणी होती तेच. पुढच्याच वर्षी, १९८५ ला, ‘ओल्ड गोवन गोल्ड’ आला, त्यात गोव्याची जुनी गाणी होती. १९८६ ला ‘पॅक दॅट स्मॅक’, त्याचा विषय गर्द आणि त्यापायी बरबाद होणारी तरुण मुले. १९८७ ला ‘बॉम्बे सिटी’. चार वर्षांत चार अल्बम. कंपनीच्या दारात उभा असलेला माणूस चार वर्षांत एकाची तारीख मिळाली तर नशीब समजतो.

१९८६ सालचीच आणखी एक गोष्ट. पंतप्रधान राजीव गांधी गोव्यात आले असताना रेमोंनी त्यांच्यासमोर त्यांनाच उद्देशून एक गाणे म्हटले. स्वागतगीत नव्हे. गोव्यात काय काय बिघडले आहे याचा पाढाच त्यात होता. वर्तमानपत्रांत गदारोळ झाला. पाहुण्याचा अपमान झाला, असे म्हणणारे निघाले. पुढे खुद्द राजीव गांधींनी पत्र पाठवून कार्यक्रम आवडल्याचे कळवले तेव्हा टीकाकार गप्प बसले. आता विचार करा, हा गायक एखाद्या कंपनीच्या करारात बांधलेला असता तर? ‘गाणे बदला, आम्हांला सरकारशी काम पडते’, असा निरोप आला असता की नसता? जलसेवाले आपले वडीलधारे कोणाच्या करारात नव्हते. डोक्यावर पत्र्याची पेटी, हातात डफ, गावकुसाबाहेर रात्रभर जलसा. बाबासाहेबांचा विचार गावोगाव गेला तो त्या मोकळेपणातून. म्हणून या पानाच्या वाचकाला ही गोष्ट परकी वाटू नये.

ज्या मुंबईने दार लावले होते तिनेच मग बोलावणे धाडले, हे ओघाने आलेच. १९८५ च्या ‘त्रिकाल’मध्ये श्याम बेनेगल यांनी त्यांना घेतले. १९८७ च्या ‘जलवा’चे गाणे गाजले. १९९२ साली ‘पॉलिटिशियन्स डोन्ट नो टु रॉक अँड रोल’ हा अल्बम मॅग्नासाउंड या कंपनीने काढला. १९९५ ला हिंदी ‘बॉम्बे’तले हम्मा तर आपल्या लग्नाच्या मांडवातही वाजले. २००७ मध्ये पद्मश्री मिळाली. २०२१ मध्ये त्यांचे आत्मचरित्र आले. हे सगळे यश मोठे आहे, पण त्यावर मी जास्त लिहीत नाही. यशाच्या हकिकती सगळ्यांच्या सारख्याच असतात.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख भाबडा होईल. रेमोंकडे हिंमत होती तसे घरही होते. शिक्षण होते, आर्किटेक्टची पदवी होती, इंग्रजी होते. अल्बम बुडाला असता तर चूल विझली नसती. गोव्यातल्या सगळ्याच वादकांचे असे नव्हते. गोव्याहून शेकडो ख्रिस्ती वादक मुंबईला गेले, व्हायोलिन, ट्रम्पेट, सॅक्सोफोन घेऊन. हिंदी सिनेमाचे संगीत त्यांनी उभे केले. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांची वाद्यरचना सेबॅस्टियन डिसोझा करीत. प्यारेलाल यांचे गुरू अँथनी गोन्साल्विस. पण पडद्यावर नावे आली ती संगीतकारांची. ताफ्यातल्या माणसाला दिवसाची मजुरी मिळाली आणि तो लोकलने घरी गेला. ज्यांची वाजवण्याची जात सर्वांत वरची त्यांचे नाव पाटीवर नाही, हे आपल्याला काही नवीन नाही.

आपल्याकडेही कॅसेटच्या लाटेने भीमगीते घरोघरी नेली. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज ज्या वाडीवर वाजला नाही अशी वाडी दाखवा! वामनदादा कर्डकांची गाणी तर इतकी पसरली की ती कोणाची हेच लोक विसरले. गाणारा बदलला, कॅसेट बदलली, डबीवरचा फोटो बदलला. गाण्यात वामनदादांचे नाव गुंफलेले असे म्हणून तरी ते ओळखता आले. वामनदादा २००४ साली गेले. कायद्याप्रमाणे गीतावरचा हक्क कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०६४ साल संपेपर्यंत जिवंत आहे. तो कोणाच्या घरात आहे, हे त्या त्या वेळी सही झालेल्या कागदांवर ठरते. आणि त्या काळी बहुतेक गायक-कवी एकरकमी पैसे घेऊन सही करीत. रात्रीच्या कार्यक्रमाची बिदागी घ्यावी तसे ते पैसे घेत. गाणे विकले गेले हे त्यांना कोणी सांगितलेच नाही.

मध्यंतरी आमच्या शेजारच्या वाडीतल्या एका काकीने मला रस्त्यात थांबवले. ‘‘झील काम सोडून अल्बम काढूक बघता. तू लिवतंस-वाचतंस, तेका काय ता सांग.’’ मुलगा एका हॉटेलात कामाला आहे. फोनवर गाणी करतो. पोर्टास्टुडिओच्या चार रेघा होत्या, याच्या फोनमधल्या अ‍ॅपात त्याहून किती तरी जास्त आहेत आणि ते त्याला फुकट मिळाले. सरसर नाही, फीत मागे घेणे नाही, मिसळलेला आवाजही पुन्हा सुटा करता येतो. स्कूटरचीही गरज नाही, गाणे घरबसल्या जगभर जाते. मग अडचण कसली?

अडचण कागदाची. ती चाळीस वर्षांपूर्वी होती तिथेच आहे. तमिळनाडूतला अरिवु हा आपल्याच विचाराचा गायक-कवी. ‘तेरुक्कुरल’ हा त्याचा अल्बम २०१९ मध्ये आला. २०२१ मध्ये धी या गायिकेबरोबर त्याचे ‘एन्जॉय एन्जामी’ आले. त्या गाण्यात त्याची आजी वल्लियम्मा आहे, सिलोनच्या चहाच्या मळ्यात राबलेली. कोट्यवधी लोकांनी ते ऐकले. त्याच वर्षी एका इंग्रजी संगीत मासिकाने त्या गाण्याचा गौरव केला आणि मुखपृष्ठावर अरिवु नव्हता! दिग्दर्शक पा. रंजित यांनी आवाज उठवला, बोंबाबोंब झाली, मग त्याच्यासाठी वेगळे मुखपृष्ठ निघाले. २०२४ साली संगीतकार संतोष नारायणन यांनी जाहीर सांगितले की या गाण्यातून तिघांपैकी कोणालाच तोपर्यंत एक पैसाही मिळालेला नाही. आजीची कहाणी जगभर गेली आणि नातवाचा हात रिकामा.

म्हणून काकीच्या मुलाला मी आधी काम सोडू नकोस म्हणालो, आणि मग कायदा सांगितला. गाणे लिहिले, चाल बांधली, की हक्क त्याच क्षणी जन्मतो. नोंदणी सक्तीची नाही. तरी वहीत तारीख घालून लिहावे, रेकॉर्डिंगची मूळ फाइल दोन ठिकाणी ठेवावी. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी करार लागतो, तोंडी बोलण्याला किंमत नाही. करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती ५ वर्षे धरतो आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत धरतो. म्हणून छापील करारात ‘कायमचा’ आणि ‘संपूर्ण जगासाठी’ हे शब्द हटकून असतात, ते आधी शोधावे. आणि २०१२ सालच्या दुरुस्तीने आणखी एक मोठी गोष्ट केली. गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला समान वाटा त्यांनी सोडून दिला असे लिहून घेता येत नाही. तो वाटा वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो. अशी ओळ करारात असली तरी ती कायद्यापुढे टिकत नाही. पण हे माहीत नसलेला माणूस भांडायला जातच नाही, हीही तितकीच खरी गोष्ट.

मुलाने ऐकून घेतले. एका माणसाने त्याला पंधरा हजार रुपये देऊ केले आहेत, चारही गाण्यांचे मिळून. करार फोनवर आला होता, तो त्याने मला दाखवला. सात पाने इंग्रजी. ‘कायमचा’ तिसऱ्या पानावर सापडला, ‘संपूर्ण जगासाठी’ त्याच्याच खालच्या ओळीत. पंधरा हजार म्हणजे त्याचा दीड महिन्याचा पगार, त्यामुळे ‘नको म्हण’ असे सांगणे मला सोपे होते, त्याला ते करणे सोपे नाही. काकी म्हणाली, ‘‘पैशे मागून येतीत, पयलो कागद वाच.’’ अजून त्याने सही केलेली नाही. गाणी मी ऐकली. दोन साधारण आहेत. एक त्याच्या आजीवर आहे, ती डोक्यावर सुक्या मासळीची पाटी घेऊन आचऱ्याच्या बाजाराला चालत जाई त्याचे, आणि ते चांगले आहे.